कातडीचं मला सांगू नका

मोटारीला सलाईन लावलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. आखाडा बाळापूरला, राठोड सिस्टरच्या अंगणात. एक लांबलचक जुनी गाडी, तिची चारही दारं उघडी, आतल्या कडीला उलटी टांगलेली बाटली, आणि तिच्या नळीतून थेंब थेंब ग्लिसरीनचं पाणी मागच्या सीटच्या भेगेत पडत होतं. शेजारी स्टुलावर बसून सिस्टर नळीची चकती कमीजास्त करत होत्या. मी दुकानाचं शटर वर करता करता तसाच थांबलो, तर तिकडूनच ओरडल्या,

"बघून काय राहिला, मेडिकल? कापूस आण. अन् मागच्या खेपेसारखा दमट बंडल देऊ नको."

मेडिकल म्हणजे मी. सिस्टरच्या घरासमोर माझं औषधांचं दुकान आहे. माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं, माझ्या लग्नात त्या पंगतीला बसून गेल्या होत्या. पण माणसाला त्याच्या धंद्यानं हाक मारायची ही त्यांची रीत. हॉटेलवाल्याला त्या 'चहा' म्हणायच्या, गिरणीवाल्याला 'पीठ'. सरपंचाला तोंडावर सरपंच म्हणायच्या आणि माघारी 'गळू', कारण फार पूर्वी त्याचं गळू त्यांनी फोडलं होतं आणि तेव्हा तो किती रडला हे त्या विसरल्या नव्हत्या.

शेवंताबाई राठोड हे त्यांचं नाव मतदार यादीबाहेर कुणी वापरलं नाही. कळमनुरीकडच्या एका बंजारा तांड्यावरून त्या शिकायला बाहेर पडल्या, नर्स झाल्या आणि आमच्या गावच्या सरकारी दवाखान्यात आल्या त्या रिटायर होईपर्यंत इथंच राहिल्या. ठेंगण्या, रुंद, चालताना वाटेतली माणसं आपोआप बाजूला व्हावीत अशी चाल. आवाज असा, की वॉर्डात पेशंटला दम भरला तर बाहेर फाटकापाशी बसलेला त्याचा भाऊसुद्धा गोळी गिळायचा. त्यांचे यजमान रामधनभाऊ बसवर ड्रायव्हर होते. आयुष्यभर पाठीमागं माणसांचा गलका ऐकल्यामुळं असेल, ते स्वतः बोलायचे फार थोडं. तेही बायकोला 'सिस्टर'च म्हणायचे. नवा माणूस दचकायचा. रामधनभाऊ समजावून सांगायचे, "सगळं गाव म्हणतं. मी एकट्यानं दुसरं काय म्हणू?"

सिस्टर रिटायर झाल्या, पण गावाला त्यांनी डिस्चार्ज दिला नाही. एकदा बाजाराच्या रस्त्यानं वरात चालली होती. बॅन्ड, फटाके, घोड्यावर नवरदेव. सिस्टर भाजीची पिशवी घेऊन समोरून आल्या, नवरदेवाच्या पायाकडं बघून थांबल्या आणि बॅन्डच्या वरताण ओरडल्या, "काय रे, खिळा घुसला व्हता ना तुला? धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं का?" नवरदेव म्हणाला, "लग्न झाल्यावर घेतो, सिस्टर." "लग्न काय पळून जाऊन राहिलं व्हय? उतर खाली." नवरदेव उतरला. मुंडावळ्यांसकट माझ्या दुकानात आला. मागच्या खोलीत सिस्टरनी त्याला इंजेक्शन दिलं, दंड चोळून दिला, आणि वरात पुढं निघाली. नवरीकडच्यांना वाटलं, बाळापूरची काही रीत असेल.

"कातडीचं मला सांगू नका," हे त्यांचं पालुपद. कुणी म्हणालं खाज आहे, कुणी म्हणालं चट्टा आला, कुणी म्हणालं पोरीसाठी गोरं होण्याचं क्रीम पाहिजे, की हे वाक्य यायचं. "माणूस तोंडानं लबाडी करतो. कातडी करत न्हाई." गोरं होण्याचं क्रीम त्यांनी मला दुकानात दर्शनी ठेवू दिलं नाही. ते मी खोकल्याच्या औषधामागं ठेवायचो.

आता त्या गाडीचं सांगायला पाहिजे.

गाडी आमच्या डॉक्टरसाहेबांची. मोठे डॉक्टर म्हणून ते दवाखान्यात बरीच वर्षं होते. उंच, गमत्या स्वभावाचे, पेशंटपेक्षा स्वतःच जास्त हसणारे. त्यांनी ती गाडी हैदराबादहून जुनीच घेतली होती. तिच्या सीटा खऱ्या चामड्याच्या होत्या, पानातल्या काताच्या तांबड्यालाल रंगाच्या. त्या काळी आमच्याकडं गाडीत चामडं म्हणजे नवल. जवळा बाजार गावी डॉक्टर कॅम्पला गेले की बैल विकायला आलेली माणसं काचेला नाक लावून आत बघायची.

डॉक्टरांच्या पत्नीला आम्ही बाईसाहेब म्हणायचो. किडकिडीत, नीटनेटक्या, बोलणं फार हळू. इतकं हळू, की सिस्टरला तो स्वतःचा अपमान वाटायचा. "मला ऐकू येऊ नाही म्हणून तशा बोलतात," असं त्या मला सांगायच्या.

तर एकदा कळमनुरीला मीटिंग होती आणि दवाखान्याची जीप ऐन वेळी बंद पडली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, बसा माझ्या गाडीत." सिस्टरनी मागचं दार उघडलं. तेवढ्यात क्वार्टरच्या पायरीवरून बाईसाहेब धावत आल्या, हातात टॉवेल. तो त्यांनी सीटवर अंथरला, पाठीलाही नीट अडकवला, आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बसा आता."

सिस्टर बसल्या. कळमनुरीपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. डॉक्टरांना वाटलं यांना ताप भरला. त्यांनी गाडी थांबवून नाडी बघितली.

संध्याकाळी त्या माझ्या दुकानात आल्या आणि काउंटरला दोन्ही हात टेकून उभ्या राहिल्या. "मपल्या अंगाला काय शाई लागली व्हय, मेडिकल? धुतलेली, इस्त्रीची पांढरी साडी नेसून गेले मी. अन् टॉवेल! काहून? तांड्यावरची म्हणून?"

"त्या सगळ्यांनाच टाकत असतील," मी म्हणालो.

"सगळ्यांचं मला काय करायचं? मला टाकला ना."

त्यानंतर त्या गाडीत बसायची वेळ कितीदा तरी आली आणि दर वेळी टॉवेल आला. सिस्टरचा राग चोख होता. तो वाढलाही नाही आणि कमीही झाला नाही. बाईसाहेबांना त्या दिवाळीला फराळ द्यायच्या, त्यांच्या मुलाच्या गोवरात चार दिवस उशाशी बसल्या होत्या; पण टॉवेल विसरल्या नाहीत.

पुढं डॉक्टर रिटायर झाले, मुलाकडं पुण्याला गेले. गाडी क्वार्टरमागं लिंबाखाली उभी राहिली. इंजिन धड होतं, पण सीटांची दशा झाली होती. उन्हानं चामडं वाळून पापडासारखं झालेलं, मधोमध भेगा, पाठीचा रंग उडून पांढुरकी झाक आलेली. एका काचेची फट उघडी राहिल्यानं कोंबडीनं मागच्या सीटवर बस्तान मांडलं होतं. गिऱ्हाइकं यायची, दार उघडायची आणि नाक धरून परत जायची. शेवटी डॉक्टरांनी पुण्याहून फोन केला, "सिस्टर, भंगारात द्यायला जीव होत नाही. रामधनभाऊ इंजिन सांभाळतील. तुम्हीच घेऊन जा."

रामधनभाऊंनी गाडी सुरू करून घरी आणली. आयुष्यभर सरकारी बस हाकलेला माणूस; त्या दिवशी अंगणात गाडी लावल्यावर ते उगीचच दोनदा दार उघडून मिटून बघत होते.

हिंगोलीहून सीटा शिवणारा कारागीर बोलावला. त्यानं एक नजर टाकली आणि म्हणाला, "ह्ये समदं फाडून काढू अन् रेक्झिन लावू. फुलाफुलाचं. एकदम बराबर दिसंल."

सिस्टरनी कमरेवर हात ठेवले. "दादा, भाजलेला पेशंट आला तर त्याची कातडी काढून तू रेक्झिन लावतो व्हय?"

"बाई, ही मेलेली कातडी हाय."

"कातडीचं मला सांगू नको. चहा पी अन् जा."

तो चहा पिऊन गेला आणि सिस्टरनी गाडी ॲडमिट करून घेतली. दुसरा शब्द मला सुचत नाही. पहिल्या दिवशी त्यांनी नुसती तपासणी केली. चष्मा लावून, टॉर्च घेऊन, एकेका सीटवर बोट दाबत. "हिकडं कोरडेपणा. हिकडं शिवण उसवलीय, टाके घालावं लागतील. ही जुनी जखम, हिच्यात कोंबडीची घाण गेलीय. पुढची सीट बरी हाय, मागचीला वेळ लागंल." रामधनभाऊ मागं टॉर्च धरून उभे होते. त्यांनी हळूच विचारलं, "वाचंल का?" सिस्टर म्हणाल्या, "नातेवाइकांनी बाहेर थांबा."

मी त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. त्यात एक पोरगा जुन्या सीटा कशा रंगवायच्या ते करून दाखवत होता. सिस्टरनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "करतो बराबर. पण नखं काढलेली न्हाईत." तरी त्यातलं त्यांनी सगळं उचललं आणि आपल्या भाषेत आणलं. आधी बाळाच्या साबणाच्या फेसानं धुणं, म्हणजे त्यांच्या मते स्पंजिंग. मग भेगा मऊ करायला ग्लिसरीन. "टाचेच्या भेगंला काय लावते मी? तेच." शिवणीच्या आतपर्यंत पाझरावं म्हणून सलाईनची बाटली. उसवलेल्या जागी वाकड्या सुईनं टाके, आणि टाके घालताना सवयीनं, "झालं, झालं, रडू नको." फाटलेल्या जागी आतून कापडाचं ठिगळ चिकटवलं, भेगांमध्ये मलमासारखी लुगदी भरली, बारीक पॉलिश पेपरनं घासून सपाट केली. स्पिरिटच्या बोळ्यानं जुना रंग पुसायला लागल्या तेव्हा मात्र गंमत झाली. बोळा लावला की लालभडक निघायचा. टोपलीभर लाल बोळे दारात पडलेले बघून पीठवाला घाबरून माझ्याकडं आला, "सिस्टरकडं काय झालं हो? कुणाचं ऑपरेशन?"

आता रंग. सीटच्या खालच्या कडेला मूळ रंग शिल्लक होता. तिथला नखाएवढा कपचा सिस्टरनी गोळ्यांच्या पुडीत घातला आणि रामधनभाऊंना नांदेडला पाठवलं, चामड्याचा रंग विकणाऱ्याकडं. त्यानं कपच्याला कपचा जुळवून रंग दिला आणि बरोबर एक दुसरा डबा दिला, पाण्यासारखा. फोनवर त्यानं सिस्टरला समजावून सांगितलं, की मावशी, रंगाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात वाळू द्या, आणि शेवटी वरून हा बिनरंगी लेप द्या, म्हणजे रंग पक्का बसतो.

रंग सिस्टरनी आधी मागच्या सीटला दिला, आणि सुंदर दिला. स्पंजनं, हलक्या हातानं, हेअर ड्रायरनं वाळवत. काताचा तो रंग परत वर आला तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं थांबायला लागली. पण लेपाचा डबा त्यांनी उघडलाच नाही.

"सिस्टर, त्यानं वरून लेप द्यायला सांगितलाय," मी आठवण केली.

"जखम भरत आली की तिला हवा लागू द्यावी लागते, मेडिकल. वरून झाकण घातलं की आत चिघळतं."

"ही सीट आहे, सिस्टर."

"कातडीचं मला सांगू नको."

मी गप्प बसलो. गावात सगळेच बसायचे.

त्याच सुमाराला गावकऱ्यांनी डॉक्टरसाहेबांचा सत्कार ठरवला. भाद्रपदाचे दिवस, हवा दमट, अंगाला कपडा चिकटत होता. डॉक्टर आणि बाईसाहेब पुण्याहून रेल्वेनं नांदेडला उतरणार होते. सिस्टरनी कमिटीला बजावलं, की त्यांना आणायला दुसरी गाडी जाणार नाही. "मी आणते त्यांना. त्यांच्याच गाडीत, त्यांच्याच सीटवर. बाईसायेबांना बसवते अन् म्हणते, बसा आता." हे 'बसा आता' त्यांनी माझ्या दुकानात बाईसाहेबांच्या हळू आवाजात म्हणून दाखवलं. इतक्या वर्षांत तो आवाज त्यांनी अगदी पाठ केला होता.

रामधनभाऊ गाडी चालवायला, सिस्टर पुढं. नांदेड स्टेशनवर डॉक्टर गाडी बघून एवढे खूश झाले, की सीटवर हात फिरवत म्हणाले, "अहो, हिला तर पुनर्जन्म मिळाला!" सिस्टरनी मागचं दार उघडून धरलं. डॉक्टर पांढराशुभ्र झब्बा-लेंगा घालून आले होते, सरळ सत्काराला जायचं म्हणून. ते रेलून बसले. सिस्टर बाईसाहेबांना म्हणाल्या, "बसा आता."

बाईसाहेबांनी पिशवीत हात घातला आणि टॉवेल काढला.

पुढचं मला रामधनभाऊंनी सांगितलं. सिस्टरचा चेहरा असा झाला, की त्यांना वाटलं आपल्याला गाडी रेल्वेच्या रुळावर घालावी लागते की काय. बाईसाहेबांनी टॉवेल सीटवर आणि पाठीवर नीट पसरला आणि बसल्या. डॉक्टर म्हणाले, "अगं, आता तरी सोड तो टॉवेल!" त्यांनी टॉवेलाची कड आणखी सरळ केली. बाळापूर येईपर्यंत पुढच्या सीटवरून एक शब्द आला नाही.

मंगल कार्यालयाच्या दारात गाडी थांबली, हलगी वाजली, डॉक्टर उतरून पुढं झाले, आणि मागं उभ्या असलेल्या मला त्यांची पाठ दिसली. मानेपासून खाली गुडघ्यांपर्यंत सबंध सीट त्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर छापली होती. शिवणींसकट. मधली दोन बटणंसुद्धा उठली होती.

मी सिस्टरकडं पाहिलं. त्यांनीही पाहिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज खाली आला. "मेडिकल," त्या म्हणाल्या, "शाल कुठाय?"

"शाल तिसऱ्या नंबरवर आहे, आधी दीपप्रज्वलन—"

त्या गेल्याच होत्या. डॉक्टर पायऱ्या चढताहेत तोवर सिस्टर त्यांच्या पाठीला मागून चिकटून चालत होत्या. लोकांना वाटलं काय ही माया! स्टेजवर जाऊन त्यांनी तबकातली शाल उचलली आणि डॉक्टरांच्या खांद्यावर टाकली. सूत्रसंचालन करणारे गुरुजी माईकवर म्हणाले, "सिस्टर, शाल नंतर आहे." सिस्टर म्हणाल्या, "सायेबांना थंडी वाजून राहिली." मांडवात माणसं पुठ्ठ्यांनी वारा घेत होती.

डॉक्टरांना बसवलं. दिवा लावायला ते उठले की सिस्टर उठायच्या. हार घालायला कुणी आलं, की सिस्टर त्याला म्हणायच्या, "समोरून घाल. मागं जाऊ नको." सरपंचांनी भाषण लांबवलं. शालीत घामाघूम झालेले डॉक्टर उत्तराला उभे राहिले. "या गावानं मला जी ऊब दिली," असं म्हणाले आणि लोक हसले. तेही हसले, त्यांनी शाल काढली, घडी केली आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवायला लोकांकडं पाठ करून वळले.

सगळा मांडव एकदम गप्प झाला. मग बायकांच्या बाजूनं एक म्हातारी किंचाळली, "अगं माय! डॉक्टरसायेबाला रगत आलं!"

पुढं जे झालं ते फार पटकन झालं. पुढच्या रांगेतली चार माणसं स्टेजवर चढली, त्यांनी डॉक्टरांना धरलं आणि पालथं निजवलं. कुणी पाण्याचा जग ओतला. कुणी म्हणालं गाडी काढा, कुणी म्हणालं डॉक्टरला बोलवा. डॉक्टर सतरंजीत तोंड खुपसून ओरडत होते, "मला काही झालेलं नाही!" आणि लोक म्हणत होते, "बोलू नका सायेब, तकलीफ होईल." पाण्यानं रंग आणखी पसरला. ते बघून सरपंच मटकन खाली बसले.

सिस्टरनी माईक घेतला. गावात त्यांना माईक लागतो हेच लोकांनी पहिल्यांदा पाहिलं.

"सोडा त्यांना," त्या म्हणाल्या. "रगत न्हाई ते. रंग हाय. मपल्या सीटचा. मी दिला, अन् वरचा लेप दिला न्हाई. सांगितला व्हता, तरी दिला न्हाई. मपली चूक हाय."

आता मांडवात दुसऱ्या प्रकारची शांतता पसरली. सिस्टरनी चूक कबूल केली, हे रक्तापेक्षा भारी होतं. तेवढ्यात पालथ्या डॉक्टरांनी मान वर काढली आणि म्हणाले, "सिस्टर, मला वाटतं रिॲक्शन आली." मग जो हशा पिकला, त्यात बॅटरीवर चाललेला पंखाही ऐकू येईना. फक्त पुढच्या रांगेत बाईसाहेब हसत नव्हत्या. त्यांच्या क्रीम रंगाच्या साडीवर एक डाग नव्हता. मांडीवर टॉवेल होता, लालभडक.

सिस्टर त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं, तर त्या अंगणात गाडीकडं पाठ करून बसलेल्या. रामधनभाऊ चहाचा कप धरून शेजारी उभे. फाटक वाजलं आणि बाईसाहेब आत आल्या. सिस्टर उठल्या. मी रस्त्याच्या अलीकडं होतो तरी काउंटर पुसायचं सोडून कान तिकडं लावला. बाईसाहेबांचं हळू बोलणं ऐकू येईना म्हणून शेवटी ग्लिसरीनची बाटली घेऊन सरळ अंगणात गेलो.

"मी काही चिडलेली नाही, सिस्टर," बाईसाहेब म्हणत होत्या. "ही गाडी पहिल्यापासून अशीच आहे."

"अशीच म्हणजे?"

"हैदराबादच्या माणसानं आम्हाला विकताना मागची सीट वरवर रंगवून दिली होती. पहिल्याच आठवड्यात माझी माहेरची पांढरी साडी गेली. गाडी घ्यायचा हट्ट माझाच होता, म्हणून यांना काही बोलले नाही. हे हसत सुटले असते, सगळ्या दवाखान्यात सांगितलं असतं. मग मी टॉवेल टाकायला लागले."

सिस्टरनी विचारलं, "मला कळमनुरीला जाताना टाकला, तो?"

"तुमची तर ड्युटीची पांढरी साडी होती. मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर जायचं होतं तुम्हाला. मी धावतच आले."

सिस्टर हळूहळू लाल होत गेल्या, आणि मग त्यांचा मूळ आवाज परत आला. "मंग सांगायचं न्हाई व्हय? बाई, इतकी वर्सं मी तुमच्यावर राग धरून राहिले! मपली बीपीची गोळी चालू झाली त्यापायी!"

"तुम्ही विचारलं कुठं?" बाईसाहेब म्हणाल्या. "आणि मला तुमची भीती वाटायची."

"मपली? काहून?"

बाईसाहेबांनी रामधनभाऊंकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. आम्ही दोघांनी जमिनीकडं पाहिलं.

सिस्टर एकदम हसायला लागल्या. पदरात तोंड घालून, खांदे हलवत. मग बाईसाहेबही हसल्या, आणि त्यांचं हसणं मोठं निघालं. बोलण्यापेक्षा कितीतरी मोठं. हसू सरल्यावर बाईसाहेबांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "तो लेपाचा डबा कुठं आहे? आणा. मला त्या गाडीचा डोळ्यांदेखत सूड घ्यायचाय."

डॉक्टर दोन दिवसांसाठी आले होते, आठवडाभर राहिले. दोघी बायका गाडीत. जिथं डॉक्टरांनी रंग उचलला होता तिथं परत पातळ हात, वाळवणं, मग लेप. बाईसाहेब कडेकडेनं नाजूक काम करायच्या, सिस्टर मोठी जागा घ्यायच्या. भांडणंही झाली. सिस्टर म्हणायच्या लेप जाड द्या, बाईसाहेब म्हणायच्या डब्यावर पातळ लिहिलंय. "डब्याचं मला सांगू नका," असं सिस्टर म्हणाल्या आणि जीभ चावली. लेप पातळच दिला गेला.

शेवटच्या दिवशी परीक्षा झाली. डॉक्टरांना रामधनभाऊंचं धुवट धोतर नेसवून मागच्या सीटवर बसवलं. भर दुपार. काचा बंद, घाम यायला पाहिजे म्हणून. डॉक्टर आतून म्हणत होते, "माझा सत्कार अजून संपला नाही का?" बरंच उकडून झाल्यावर त्यांना उतरवलं आणि अंगणात उभं करून दोघींनी पाठीमागून तपासलं. सिस्टरनी चष्मा लावला. बाईसाहेबांनी धोतराचा सोगा उजेडात धरला.

"स्वच्छ," सिस्टर म्हणाल्या. "डिस्चार्ज."

बाईसाहेब जाताना टॉवेल विसरल्या, की मुद्दाम ठेवून गेल्या, ठाऊक नाही. सिस्टरनी त्यानं गाडीच्या काचा पुसल्या.

त्यानंतर ती गाडी कुणाची राहिली नाही. तांड्यावरच्या बायका बाजाराला त्यातून यायच्या, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी निघाली की तीच गाडी, हिंगोलीकडच्या गोरेगावच्या कुणा पाहुण्याची जीप चुकली की तीच गाडी. एकदा मागच्या सीटवर एक म्हातारा आणि त्याची शेळी शेजारी शेजारी बसून चाललेली मी पाहिली. सिस्टर पुढून शेळीच्या मालकाला सांगत होत्या, "तिचं ठीक हाय. तू पाय वर घेऊ नको."

मग त्यांचे गुडघे गेले. पुसदला मुलगी होती, ती म्हणाली आता इकडंच या. घर बंद करून दोघं निघाली. पुढं मधूनमधून फोन यायचा, माझी बायको गोळ्या वेळेवर घेते का विचारायला. एका उन्हाळ्यात फोन रामधनभाऊंचा आला, आणि ते फक्त एवढंच म्हणाले, "मेडिकल, सिस्टर गेल्या." मला पुसदला वेळेवर पोचता आलं नाही, म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात त्या गाव सोडतानाच्या.

सामानाचा टेम्पो पुढं गेला होता. गाडी माझ्या दुकानासमोर येऊन थांबली. महिन्याच्या गोळ्यांची पिशवी मी बांधून ठेवली होती. पुढची सीट रिकामी दिसली, म्हणून मी मागच्या काचेशी गेलो आणि "सिस्टर—" म्हणालो.

रामधनभाऊंनी ओठांवर बोट ठेवलं.

मागच्या सीटवर, एका कडेला डोकं टेकून, पाय वर घेऊन, सिस्टर झोपल्या होत्या. गावातल्या सगळ्यांच्या उशाशी त्या बसल्या होत्या, पण त्यांना झोपलेलं मी त्याआधी कधीच पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, एक हात सीटवर पसरलेला. रस्त्यावर पीठवाला काहीतरी ओरडत येत होता. रामधनभाऊंनी त्यालाही हातानं थांबवलं.

"रात्रभर घर आवरून राहिल्या," ते कुजबुजले. "गोळ्या माझ्याजवळ द्या. अन् दार वाजवू नका."

मी पिशवी काचेतून आत दिली. त्यांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि आख्ख्या बाजारपेठेतून, एकदाही हॉर्न न वाजवता, बैलाच्या चालीनं बाहेर काढली.